पावतीवरची तारीख आणि सरकारी कामगिरीचा करार

नाडकचेरीच्या, म्हणजे काही गावांसाठी असलेल्या महसूल कार्यालयाच्या, खिडकीवर अर्ज दिला की हातात एक पावती पडते. तिच्यावरचा बहुतेक मजकूर कन्नडमध्ये असतो. अर्जदाराचे नाव, मागितलेल्या सेवेचे नाव, पंधरा आकडी एक क्रमांक आणि काम कोणत्या दिवसापर्यंत व्हायचे ती तारीख एवढे त्यात असते. कर्नाटकातील आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव तालुक्यातील बरीच मराठी माणसे ती पावती घडी घालून खिशात ठेवतात आणि आठवड्याने पुन्हा खिडकीवर येऊन ‘झालं का आमचं काम?’ असे विचारतात. तारखेकडे त्यांचे लक्ष गेलेले नसते. वास्तविक त्या कागदावरची सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे, कारण अमुक दिवसापर्यंत अमुक काम करून देऊ आणि न केल्यास भरपाई देऊ, असे सरकारने त्या तारखेच्या रूपाने लिहून दिलेले असते. प्रशासनाच्या अभ्यासात ज्याला कामगिरी करार म्हणतात, त्याचे सामान्य माणसाच्या हातात येणारे सर्वांत लहान रूप म्हणजे ही पावती होय.

करार करण्याची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. एखाद्या दुकानात माल खराब मिळाला तर आपण दुसऱ्या दुकानात जातो आणि पहिल्या दुकानदाराला त्याची शिक्षा आपोआप मिळते. जमिनीचा उतारा, जातीचा दाखला, नळाचे पाणी किंवा विजेची जोडणी यांच्यासाठी मात्र दुसरे दुकान नसते. गिऱ्हाईक निघून जाईल ही भीती जिथे नाही, तिथे चांगले काम करायला लावणारी दुसरी काही तरी व्यवस्था उभी करावी लागते. कामगिरी करार ही तशी व्यवस्था आहे. तीत चार गोष्टी असाव्या लागतात. कोणते काम करायचे ते स्पष्ट लिहावे लागते, ते कशाने मोजायचे ते ठरवावे लागते, काम करणाऱ्याला त्यासाठी लागणारी माणसे, पैसा आणि निर्णयाची मोकळीक द्यावी लागते आणि काम झाले किंवा न झाले तर पुढे काय होईल हेही सांगावे लागते. आपल्याकडे पहिली आणि चौथी गोष्ट उत्साहाने लिहिली जाते, दुसरी घाईघाईत उरकली जाते आणि तिसरी बहुधा राहूनच जाते. माझ्या मते बहुतेक अपयशाचे मूळ या राहून गेलेल्या तिसऱ्या गोष्टीत आणि घाईत उरकलेल्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्सने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या रेल्वे आणि वीज या सरकारी कंपन्यांशी असे करार केले. भारतात अर्जुन सेनगुप्ता यांच्या समितीने १९८४ मध्ये शिफारस केली आणि त्यानंतर काही वर्षांत केंद्र सरकार आपल्या सार्वजनिक कंपन्यांशी दरवर्षी सामंजस्य करार करू लागले. वर्षअखेरीस उद्दिष्टांशी ताडून कंपनीला ‘उत्कृष्ट’पासून ‘खराब’पर्यंत पाच श्रेणींपैकी एक श्रेणी मिळते. न्यूझीलंडने १९८८ मध्ये कायदाच बदलला आणि खात्यांच्या प्रमुखांना ठरावीक मुदतीच्या करारावर नेमायला सुरुवात केली. केनियाने २००४ मध्ये १६ सरकारी महामंडळांपासून आरंभ केला. केंद्र सरकारच्या मंत्रालयांना २००९ पासून काही वर्षे अशीच उद्दिष्टपत्रे लिहून द्यावी लागत होती. करार नागरिकाशीच करायचा हा विचार ब्रिटनने १९९१ मध्ये नागरिकांच्या सनदेतून मांडला आणि १९९७ पासून आपल्याकडील कार्यालयांच्या भिंतींवरही सनदांचे फलक लागले. फलकावरचे वचन मोडले तर कोणाला काही भरावे लागत नव्हते, ही त्यातील उणीव होती. ती भरून काढण्याचे काम पुढे राज्यांच्या सेवा हमी कायद्यांनी केले. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये, कर्नाटकाने २०११ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये असे कायदे केले.

आता मोजमापाकडे वळू. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा समजावून सांगायला उसासारखे उदाहरण नाही. शेतकऱ्याला उसाचे पैसे काट्यावरच्या वजनाप्रमाणे मिळतात आणि तोडणी करणाऱ्या टोळीची मजुरीही टनावरच ठरते. कारखान्याला मात्र वजन नको असते, साखर हवी असते. मोजमाप वजनाचे असल्यामुळे उसाबरोबर थोडे पाचट आणि वाढे काट्यावर गेले तर टोळीचे काही बिघडत नाही. केंद्र सरकार जो रास्त व किफायतशीर दर ठरवते तो साखरेच्या उताऱ्याशी, म्हणजे उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघते त्याच्याशी, जोडलेला असतो आणि सध्या त्याचा पाया १०.२५ टक्के उतारा हा आहे, हे खरे. पण तो उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी उतारा असतो. एखाद्या शेतकऱ्याने चांगले बेणे लावले, वेळेवर पाणी दिले आणि पक्व ऊस पाठवला, तरी त्याच्या उसातील जास्तीच्या साखरेचे पैसे त्याला वेगळे मिळत नाहीत. ते सगळ्यांच्या सरासरीत विरघळून जातात. यात कोणाची लबाडी नाही. प्रत्येक गाडीतील साखर वेगळी मोजणे अवघड आणि वजन मोजणे सोपे, म्हणून वजन मोजले जाते आणि मग सगळे गाव वजनासाठीच पिकवू लागते.

सरकारी कार्यालयातही नेमके हेच घडते. दाखला किती दिवसांत दिला हे संगणक आपोआप मोजतो. दाखला बरोबर होता की नाही, त्यासाठी माणसाला किती हेलपाटे घालावे लागले, त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली की तीन दिवसांची, हे कोणी मोजत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी सेवेच्या दर्जाची पाच अंगे सांगितली होती आणि ती आजही सर्वत्र वापरली जातात. दिलेला शब्द पाळणे, तत्परता, जाणकारीतून येणारा विश्वास, माणसाची अडचण समजून घेण्याची आपुलकी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी, अशी ती पाच अंगे आहेत. करारात उतरवायला यांपैकी पहिली दोन सोपी आणि शेवटचे त्याहून सोपे. म्हणून नवी फरशी, टोकन यंत्र आणि मुदतीचा फलक आधी येतो. मधली दोन आकड्यात मावत नाहीत, म्हणून ती राहतात.

आपल्याच शहरातील एका करारात मोजमाप बऱ्याच विचाराने ठरवले गेले होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. बेळगावला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून पाणी येते. पाणी पुरेसे असले तरी ते घरोघरी काही दिवसांआड आणि तेही थोडा वेळ येत असे. पाणी सोडणाऱ्याची वेळ ठाऊक असलेली बाई पहाटे उठून पिंप, घागरी, कळश्या आणि शेवटी भांडीसुद्धा भरून ठेवायची आणि पुढच्या पाळीला ताजे पाणी आले की उरलेले शिळे म्हणून ओतून द्यायची. जागतिक बँकेच्या कर्जातून २००० च्या दशकाच्या मध्याला हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी येथे एक प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक शहरातील सुमारे एक दशांश लोकवस्तीचे निवडक भाग घेऊन तिथे चोवीस तास पाणी देऊन दाखवायचे, असे ठरले आणि त्या कामासाठी एका फ्रेंच कंपनीशी कामगिरीवर आधारित व्यवस्थापनाचा करार झाला. पाणीपट्टीचा दर ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे नव्हता आणि जाळ्याची मालकीही सार्वजनिकच राहिली. तिला मिळणाऱ्या मोबदल्याचा एक भाग मात्र निकाल दिसण्यावर अवलंबून ठेवला होता. नळाला दिवसरात्र दाबाने पाणी आहे का, प्रत्येक जोडणीला मीटर आहे का, गळती ठरलेल्या मर्यादेत आली का, तक्रारी वेळेत मिटतात का, अशा प्रश्नांवर तो निकाल लागत असे.

या मोजमापाची खुबी दाब या एका शब्दात आहे. नळाला अधूनमधून पाणी येते तेव्हा मधल्या काळात जमिनीखालची नळी रिकामी असते आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचे गढूळ पाणी, कधी शेजारच्या गटाराचेही, आत शिरते. नळी सतत दाबाने भरलेली असेल तर फटीतून पाणी बाहेर जाईल, पण घाण आत येणार नाही. म्हणजे ‘चोवीस तास दाब’ हे एकच माप धरले की गळती शोधण्याचे, नळ्या बदलण्याचे आणि पाणी शुद्ध ठेवण्याचे काम आपोआप त्याच्या मागे येते, कारण गळक्या जाळ्यात चोवीस तास दाब टिकवणे परवडतच नाही. किती किलोमीटर नळ्या टाकल्या असे माप धरले असते, तर नळ्या भरपूर पडल्या असत्या आणि पाण्याची वाट पाहणे तसेच राहिले असते. निवडलेल्या भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झाले आणि भारतातील शहरांत हे होऊच शकत नाही, हा समज त्यामुळे मोडला.

या यशाच्याही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. एक दशांश लोकांच्या नळाला दिवसरात्र पाणी असताना उरलेले नऊ दशांश लोक पूर्वीसारखेच पाळीची वाट पाहत होते आणि करारात त्यांच्याबद्दल काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून त्यांच्या बाजूने कोणालाही जाब विचारता येत नव्हता. मीटरमुळे बिल किती येईल ही धास्ती गरीब वस्त्यांत होती आणि ती रास्त होती. शिवाय कराराने मोजले ते काम; त्या कामाचा लोकांच्या जीवनावर झालेला परिणाम ही त्यापुढची गोष्ट आहे. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या घरांतील लहान मुलांच्या आजारांची तुलना संशोधकांनी केली, तेव्हा एकंदर हगवणीच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. मुलांतील रक्ती हगवण आणि घरांतील विषमज्वर (टायफॉइड) मात्र कमी दिसले. नळाचे पाणी सुधारले तरी हगवणीची इतर कारणे, म्हणजे शौचालय, हात धुणे, अन्नाची स्वच्छता, ही पाणीपुरवठ्याच्या कराराबाहेर असतात. कंत्राटदाराला दाबाबद्दल जबाबदार धरता येते, बाळाच्या तब्येतीबद्दल धरता येत नाही, आणि नागरिकाला तर तब्येतच हवी असते. हे अंतर कोणत्याही कराराने पूर्ण मिटत नाही. ते आहे हे लक्षात ठेवून सरकारने दुसरीकडे काम करावे लागते.

आता पुन्हा पावतीकडे येऊ. कर्नाटकाचा सेवा हमी कायदा ‘सकाल’ या नावाने ओळखला जातो. कन्नडमध्ये या शब्दाचा अर्थ वेळच्या वेळी असा आहे. आपल्या सकाळशी त्याचा संबंध जोडू नये. मार्च २०१२ मध्ये चार तालुक्यांत तो प्रायोगिक स्वरूपात लागू झाला आणि त्यांत बीदर जिल्ह्यातील औराद हा मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असलेला सीमेवरचा तालुकाही होता. पुढच्याच महिन्यात तो राज्यभर आला. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते. त्या मुदतीत अधिकाऱ्याने सेवा द्यायची किंवा कारण लिहून अर्ज नाकारायचा असतो. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला गेला तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील आणि त्यानंतर दुसरे अपील करता येते. विलंबाच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपये एवढी भरपाई अर्जदाराला मिळण्याची तरतूद आहे आणि ती रक्कम जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल होते. महाराष्ट्राच्या कायद्यात अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रातील चंदगड किंवा गडहिंग्लजला सोयरीक असलेल्या आपल्याकडील माणसांनी हा फरक ध्यानात ठेवावा, कारण एका बाजूचा नियम दुसऱ्या बाजूच्या खिडकीवर सांगून उपयोग होत नाही.

या भरपाईचा हिशेब एकदा करून पाहावा. २० रुपयांप्रमाणे ५०० रुपये २५ दिवसांत पूर्ण होतात. सव्विसाव्या दिवसापासून कितीही उशीर झाला तरी कर्मचाऱ्याचे आणखी काहीच जात नाही. म्हणजे पहिल्या २५ दिवसांत फाइल लवकर निकाली काढण्याचे कारण आहे. त्यानंतर मात्र ती सर्वांत खाली गेली तरी करार गप्प बसतो. ज्याचे काम आधीच सर्वांत जास्त रखडले आहे, त्याच्याच बाबतीत हमी संपते. रक्कम लहान आहे हे मला फारसे खुपत नाही, कारण स्वतःच्या नावावर विलंबाची नोंद होणे हेच कर्मचाऱ्याला पुरेसे लागते. मर्यादा इतक्या लवकर येते, हे मात्र खुपते.

दुसरी पळवाट मी घरात पाहिली आहे. माझ्या एका मामांनी आजोबांच्या पश्चात शेताला वारसा लावण्यासाठी वंशावळीचा दाखला मागितला. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे कुठेही घडते. मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना अर्ज नाकारल्याचा संदेश मोबाइलवर कन्नडमध्ये आला. मामांची शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे त्यांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. संदेश म्हणजे काम झाल्याची खबर असे समजून ते मजुरी बुडवून खिडकीवर गेले, तेव्हा कळले की आजोबांच्या नावात फरक आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठीत एक, मृत्यूच्या दाखल्यावर कन्नडमध्ये दुसरे. आपल्या भागात ही रोजची गोष्ट आहे. मराठीतले ‘चव्हाण’ कन्नड नोंदीत ‘चवान’ होतात आणि इंग्रजीत तिसरेच काही होते. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, असे प्रतिज्ञापत्र जोडले की काम भागते, पण ते पहिल्याच दिवशी खिडकीवर कोणी सांगितले नव्हते. मामांनी प्रतिज्ञापत्र करून नवा अर्ज दिला, नवी पावती घेतली, नवी तारीख लागली आणि त्या तारखेच्या आत दाखला मिळाला. घरच्या हिशेबाने त्या कामाला ठरलेल्या मुदतीच्या जवळजवळ दुप्पट दिवस आणि पाच हेलपाटे लागले. कार्यालयाच्या हिशेबात मात्र दोन अर्ज आले आणि दोन्ही मुदतीत निकाली निघाले.

खिडकीवरच्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे रांग असते, संगणक बंद पडतो, जागा रिकाम्या असल्यामुळे दोघांचे काम एकाला करावे लागते आणि वरून मात्र ‘मुदतीबाहेरचे अर्ज किती?’ एवढाच प्रश्न येतो. ज्याला फक्त मुदतीबद्दल विचारले जाते, तो मुदतच सांभाळतो. ब्रिटनमध्ये रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांना चार तासांच्या आत ९८ टक्के रुग्णांना तपासून दाखल करण्याचे, दुसरीकडे हलवण्याचे किंवा घरी सोडण्याचे उद्दिष्ट दिले होते. तेव्हा वाट पाहण्याचा काळ खरोखरच पुष्कळ कमी झाला, पण घड्याळ सुरू होऊ नये म्हणून रुग्णवाहिका दारातच थांबवून ठेवल्याच्या तक्रारीही आल्या. मोजमापाने चांगले काम करून घेतले आणि त्याच मोजमापाने वाकडा रस्ताही दाखवला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

याच्या उलट, माणसाच्या इच्छेवर काही न सोपवता चांगला परिणाम साधल्याचे उदाहरणही कर्नाटकातच आहे. भूमी प्रकल्पात २००१ च्या सुमारास राज्यातील जमिनीचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आले, तेव्हा फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने हाती घ्यावे लागतील, अशी सोय प्रणालीतच करण्यात आली. मधला अर्ज उचलून वर घ्यायचा झाला तर संगणक तो घेऊ देत नाही. ‘तुमचं जरा पुढे घेतो’ असे म्हणण्याची ताकदच त्यामुळे कमी झाली. कामाचा वेग बाजूला ठेवला तरी रांगेतील न्याय्य जागा विकत घेता येईनाशी झाली आणि माझ्या दृष्टीने सेवेच्या दर्जाचे ते मोठे अंग आहे.

आपल्या भागात जे कधीच मोजले जात नाही, ते म्हणजे भाषा. सेवा मिळाली, वेळेत मिळाली, पण नाकारण्याचे कारण अर्जदाराला वाचता आले नाही, तर अपिलाचा हक्क त्याच्या हातात असूनही नसल्यासारखा होतो. ही मागणी कन्नडच्या विरोधातली नाही. कन्नड ही राज्याची भाषा आहे आणि खिडकीवरचा कारकून अनेकदा आपल्याशी मराठीतच बोलतो. प्रश्न लिहिलेल्या कागदाचा आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणालाही आपले गाऱ्हाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत, ज्या भागात त्यांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असे मान्य झालेले आहे. ही अट कार्यालयाच्या कामगिरीच्या तक्त्यात एका रकान्याच्या रूपाने कुठे दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणाला गुण मिळत नाहीत आणि कोणाचे गुण जातही नाहीत.

मला विचाराल तर सीमाभागातील कार्यालयांच्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत. पहिल्या रकान्यात अर्जाचे दिवस न मोजता माणसाचे दिवस मोजावेत. म्हणजे त्याच कामासाठी त्याच व्यक्तीने दुसरा अर्ज दिला, तर घड्याळ पहिल्या अर्जाच्या दिवसापासून धरावे. संगणकाला हे अवघड नाही, कारण दोन्ही अर्जांवर तोच मोबाइल क्रमांक आणि तोच मिळकतीचा क्रमांक असतो. दुसऱ्या रकान्यात, नाकारलेल्या अर्जांपैकी कितींचे कारण अर्जदाराला वाचता येईल अशा भाषेत दिले, याची नोंद असावी. तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करावे. अर्ज देतानाच कागदपत्रांची यादी मागून घ्यावी आणि नावांतील फरक आधीच दाखवून द्यावा. पावतीवरची तारीख शेजारच्या कन्नड वाचणाऱ्या मुलाकडून का होईना, त्याच दिवशी वाचून घ्यावी आणि दिनदर्शिकेवर खूण करावी. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. अपिलाची मुदत मर्यादित असते, त्यामुळे नवा अर्ज देण्याआधी ते करायचे की नाही हे ठरवावे. अपील मराठीत लिहून सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर होते. नवा अर्ज द्यावाच लागला, तर त्यात पहिल्या अर्जाचा पंधरा आकडी क्रमांक लिहावा आणि जुनी पावती नव्या पावतीला टाचून ठेवावी.